ताडोब्यातली ओळखीची खोली

ताडोब्याला माझ्या साडूने मला फसवलं. लॉजवाल्याने नाही, जिप्सीवाल्याने नाही, वनखात्याने नाही आणि वाघानेही नाही. तिकडे जाऊन आलेली माणसं परतल्यावर या चौघांपैकी कुणाला तरी शिव्या घालतात. माझी तक्रार पाचव्यावर आहे आणि तो ठाण्यात राहतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर त्याचं घर आहे. तिथून खाडी दिसते, असं तो सांगतो. मला आजवर समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले कपडेच दिसलेत. एका कंपनीत तो बऱ्यापैकी हुद्द्यावर आहे. त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला 'आमचे साहेब' येतात. साहेबांनी सांगितलं म्हणून त्याने साखर सोडली आणि साहेबांनी सांगितलं म्हणून मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेतला.

मी डोंबिवलीत नळ, शॉवर, बेसिन आणि टाइल्सचं दुकान चालवतो. सुरुवात कोलशेतच्या एका गोदामात टाइल्सच्या पेट्या उतरवण्यापासून केली. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मी कुणाकडून फुकट घेतलं नाही. मोठेपणा म्हणून हे सांगत नाही, पुढे जे झालं त्याचा याच्याशी संबंध आहे. मी भाव करतो. शीळफाट्याला कलिंगडवाल्याशी करतो, दातांच्या डॉक्टरशी करतो, आणि एका मंगल कार्यालयाच्या मॅनेजरशी एवढा केलेला की त्याने मधेच स्वतःसाठी लिंबूपाणी मागवलं. लोकांना वाटतं, भाव करणारा माणूस चिकट असतो. मला विचाराल तर भाव करणं म्हणजे समोरच्याला बरोबरीचा मानणं. दोघांनी ताणायचं, दोघांनी थोडं सोडायचं, आणि एकदा ठरलं की दोघंही बांधले गेले. मग खोलीतला कूलर चालला नाही तर मी ओरडू शकतो, आणि मी त्याचा टॉवेल बॅगेत घातला तर तो ओरडू शकतो. ज्या जागेचा भावच ठरलेला नाही तिथे माणसाला ओरडायची सोय नसते. हे मला माहीत होतं. माहीत असून मी फसलो, म्हणून राग जात नाही.

वाघ बघायची इच्छा माझी नव्हती, बायकोची होती. लग्नानंतर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे टाइल्सचा कारखाना होता. मोरबी, मग परत मोरबी, मधे एकदा द्वारका, पण तीही मोरबीवरून. ती आयुष्यात जेवढी फिरली तेवढी कॅटलॉग मांडीवर घेऊन फिरली. माहेर तिचं खडवलीचं. संध्याकाळी पोरं नदीवर रेंगाळू नयेत म्हणून तिची आई सांगायची की पलीकडच्या झाडीत वाघ आहे. ही त्या वाघाला पार आठवी-नववीपर्यंत भ्यायली, आणि मग कळलं की तिकडे पंपहाऊस आहे. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर, दुकानात गिऱ्हाईक नसताना, शोकेसमधला नळ पुसता पुसता ती म्हणाली, "मला एकदा खरा वाघ बघायचाय. पिंजऱ्यातला नको." एवढंच. मिक्सर सोडला तर तिने माझ्याकडे आजवर काही मागितलेलं नव्हतं, आणि मिक्सरही जुना जळाला तेव्हा.

मी त्याच आठवड्यात सफारीच्या बुकिंगला बसलो. मे महिना, सगळ्यांच्या सुट्ट्या. एकच सकाळची फेरी मिळाली, सोमवारची. तोवर बातमी बहिणीला कळलेली, बहिणीकडून साडूला, आणि मोबाईलवर 'टायगर गँग' नावाचा ग्रुप तयार झालेला. म्हणून चौघांची तिकिटं काढली. आत जाताना ओळखपत्र बघतात, त्यामुळे ज्याचं नाव त्यानेच जायचं, अदलाबदल चालत नाही. माझ्या दृष्टीने सगळा व्यवहार एका सकाळीवर टेकलेला होता. ती सकाळ नीट हाताशी यावी अशी जागा राहायला शोधायची, बस.

साडूने ग्रुपवर रिसॉर्टच्या लिंका टाकायला सुरुवात केली. नावं अशी की वाघाला पण इंग्रजी येत असावं. एकाकडे पोहायचा तलाव, तलावात सिमेंटचा वाघ आणि वाघाच्या तोंडातून पाण्याची धार. एकाकडे मचाणावरची खोली; फोटो मोठा करून बघितला तर मचाणाखाली आरसीसीचे कॉलम आणि मागे एसीचं डबडं. एकाने लिहिलेलं, शहर विसरा, निसर्गाच्या कुशीत या. आणि खाली, संध्याकाळी डीजे. मग लोकांचे अभिप्राय वाचले. ज्यांना वाघ दिसलेला त्यांनी कांदेपोह्यांनाही पाच तारे दिलेले. ज्यांना दिसला नव्हता त्यांनी गादीतल्या कापसापासून वॉचमनच्या मिशीपर्यंत सगळ्यात खोट काढलेली. अशा अभिप्रायांवर जागा निवडणं म्हणजे पावसाचा अंदाज बघून नवरा निवडण्यासारखं आहे. तरी लोक निवडतात.

माझी पद्धत साधी. मी फोन करतो आणि तीन गोष्टी विचारतो. पहिली, आमच्या बुकिंगचं जे गेट आहे ते किती लांब. उद्यान एक असलं तरी गेटं चहूबाजूंना आहेत, आणि एका गेटाजवळ राहून दुसऱ्या गेटावर जाणं म्हणजे वाघ झोपल्यावर पोचणं. दुसरी, पाण्याची टाकी कुठे आहे. हे कुणी विचारत नाही. चंद्रपूरकडच्या मे महिन्यात गच्चीवर उघडी काळी टाकी असेल तर संध्याकाळी नळाला उकळतं पाणी येतं. अंघोळ करावी की भात टाकावा, कळत नाही. तिसरी, उजाडायच्या आधी चहा कोण करणार. रिसॉर्टवाले तिन्ही प्रश्नांना 'सर, वी विल मॅनेज' म्हणाले. मॅनेज म्हणजे काय, ते दुकानदाराला सांगायला नको. मीही गिऱ्हाइकांना तेच म्हणतो.

शेवटी गेटाला चिकटून असलेला एक साधा लॉज सापडला. मालकाने सांगितलं, टाकी शेडखाली आहे आणि वर गोणपाट टाकून त्यावर पाणी मारतो. मी विचारलं, पहाटे चहा?

"माही माय करते जी," तो म्हणाला. "तिले झोपच नाही."

मग आम्ही भावाला बसलो. तीन फोन झाले. दुसऱ्या फोनला त्याने ठेवून दिला, तिसरा त्यानेच केला. खोली गेटाच्या बाजूची, कूलर रात्रभर, पहाटे चहा आणि बरोबर पोह्यांचा डबा, असं सगळं त्यात बसवून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "भाऊ, तुमी येता का मीच तुमच्याकडं येऊन राहू?" तेव्हा मी ओळखलं की भाव बरोबर बसलाय. ॲडव्हान्स पाठवला. बायकोला सांगितलं, तुझ्या वाघाची जागा झाली.

निघायला आठवडा राहिलेला असताना साडूचा फोन आला. आवाज खाली आणलेला.

"दादा, वाईट बातमी आहे. मी गाडीचं विचारायला तुमच्या लॉजवाल्याला फोन केलेला. त्याची आई गेली हो. तेरावं होईपर्यंत लॉज बंद."

मला आधी काय आठवलं असेल तर पहाटेचा चहा, आणि मग मनाला जरा बरं वाटलं नाही. मी लगेच लॉजवाल्याला फोन लावणार होतो. साडू म्हणाला, "आत्ता नका करू. सुतकात माणसाला पैशाचं काय बोलणार?" बरोबर होतं. मी उभ्या जन्मात कुणाच्या मयताच्या घरी भावाचं बोललेलो नाही. सुतक म्हटलं की आपल्याकडे प्रश्न संपतात. जन्माचा दाखला मागतात, मिळकतीचा मागतात. आई खरंच गेली का, असं कुणी उलटून विचारत नाही. साडूने हे सगळं ओळखलेलं. माणूस मूर्ख आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो, तेवढी मात्र माझी चूक.

आणि लगोलग तो म्हणाला, काळजी नको, मी सोय केलीय. आमच्या साहेबांच्या मेव्हण्याने तिकडे नवीन होमस्टे काढलाय. ओळखीतलाच आहे. घरचंच समजा.

रेट विचारला तर हसला. "घरच्यांना रेट असतो का, दादा?"

तिथेच मी उठायला हवं होतं. पण सगळीकडे फुल्ल, तिकिटं हातात, आणि बायकोने बॅग भरायला काढलेली. तिने दुकानाच्या कामाला घालायच्या चपला सोडून नवे बूट घेतलेले आणि ते घरात घालून हिंडत होती, चावू नयेत म्हणून. मी हो म्हटलं.

रविवारी दुपारी पोचलो. कल्याणहून रात्रीची गाडी, मग नागपूरहून जीप. घर बघताच दोन गोष्टी कळल्या. एक, गेट आणि आमच्यामध्ये दोन गावं आणि एक आठवडी बाजार होता. दुसरं, घर उघडायचंच बाकी होतं. रंगाचा वास, खिडक्यांच्या काचांना कंपनीची स्टिकरं, दाराला झेंडूच्या माळा. आम्ही इथले पहिले पाहुणे होतो. दारात साहेब उभे होते. साहेब येणार हे आम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. साडू जीपमधून उतरला आणि त्यांच्या पाया पडला. एकविसाव्या मजल्यावरचा माणूस एका झटक्यात तळमजल्यावर आला.

साहेबांचा मेव्हणा पोरगेलासा होता, लग्न न झालेला, फार गोड बोलणारा. मी बाजूला घेऊन त्याला स्पष्ट विचारलं, बाबा, रेट सांग, माझ्या जिवाला बरं वाटेल. त्याने दोन्ही कानांना हात लावले. "काका, घरच्यांकडून घेतात का?" माझ्या धंद्यात मी पुष्कळ महाग वाक्यं ऐकलीत. याच्याइतकं महाग एकही नाही.

बाथरूममध्ये मोठ्या कंपनीचा शॉवर होता. ते मॉडेल मी दोन वर्षांपूर्वीच दुकानातून काढून टाकलंय, कारण त्याची चकती जाते. वर गच्चीवर काळी टाकी, उघडी. निळ्या खुणेचा नळ फिरवला आणि पाठ भाजली. टॉवेल गुंडाळून बाहेर आलो, तोंड उघडलं, आणि लक्षात आलं की कुणाला काही बोलायची सोय नाही. दारात साहेबांची बायको पेल्यात कैरीचं पन्हं घेऊन उभी होती. घरच्यासारखी.

खोटं बोलणार नाही, जेवण उत्तम होतं. पाटवडीचा रस्सा, ज्वारीच्या भाकऱ्या, आग्रह इतका की ताटावर आडवा हात ठेवला तर हातावर वाढतील. पान लावता लावता साहेबांनी विषय काढला. उद्या सकाळी घरात सत्यनारायण ठेवलाय. पूजेला जोडपं लागतं, मेव्हण्याचं लग्न झालेलं नाही, आणि साहेब स्वतः गुडघ्यामुळे खाली बसू शकत नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. थेट बायकोला हात जोडले. "ताई, पहिले पाहुणे तुम्ही. घरातली थोरली लेक तुम्ही. हा मान तुमचाच."

मी म्हटलं, सकाळी आमची सफारी आहे. साडू लगेच मधे पडला. "दुपारची गाडी मी लावतो ना. साहेबांची गेटवर ओळख आहे. उलट दुपारी वाघ पाण्यावर येतो, जास्त चांगला दिसतो." त्याच्या बायकोने, म्हणजे माझ्या मेहुणीने, ताटाकडे बघत भाकरीचा तुकडा मोडला. मग मी विचारलं, तुम्ही दोघं का नाही बसत पूजेला? साडू म्हणाला, "थोरली असताना धाकटीने बसायचं? बरं दिसतं का ते?"

मान हा फार वाईट प्रकार आहे. कुणी अपमान केला तर माणूस उलटून बोलतो. मान दिला की खाली मान घालून बसायचं.

बायको म्हणाली, "बरं."

खोलीत मी तिच्यावर भडकलो. ती म्हणाली, "त्यांच्या घरात बसून, त्यांचं जेवून नाही कसं म्हणायचं? आणि दुपारी जाणारच आहोत ना." तिने नवे बूट पलंगाखाली सारले आणि पूजेला नेसायची साडी मेहुणीकडून मागून आणली. वाघ बघायला आलेल्या बाईकडे जरीची साडी कुठून असणार?

उजाडायच्या आत जिप्सी आली आणि साडू, मेहुणी आणि तो कॅमेरा घेऊन गेली. आमच्या दोन जागा रिकाम्या गेल्या. आम्ही अंघोळी करून, न खाता, पाटावर. गुरुजी सातला येणार होते, कारण त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं. ते आधी दुसरीकडे जाऊन मग आमच्याकडे आले. तोवर ऊन अंगणभर झालेलं. मी गुरुजींना म्हटलं, थोडक्यात आटपा, दक्षिणेचं मी बघतो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, कथेचे पाच अध्याय आहेत, यजमान; त्यातला कोणता नको ते सांगा. आयुष्यात पहिल्यांदा मला भाव करता आला नाही. दुसऱ्या अध्यायात पायांना मुंग्या आल्या. मेव्हण्याने पूजेचे फोटो काढले, निरनिराळ्या बाजूंनी. आम्हाला हसायला सांगितलं. बायको हसली.

आरती चालू असताना जिप्सी परत आली. साडू आरतीत घुसला, टाळ्या वाजवायला लागला, पण काहीतरी सांगायचंय हे चेहऱ्यावर लपत नव्हतं. आरती संपली तसं त्याने सांगितलं. वाघीण, तीन बछडे, रस्त्याच्या मधोमध, किती वेळ तरी. त्याने कॅमेऱ्याचा पडदा माझ्या बायकोपुढे धरला.

"नको," ती म्हणाली. "चित्रातला मी कॅलेंडरवर पण बघितलाय."

दुपारची गाडी लागली नाही. साहेबांची गेटवर ओळख होती, पण ज्याच्याशी होती त्याची बदली झालेली. आतल्या कोअर जंगलात जागा नाही, कडेच्या बफरमध्येही नाही. दुसऱ्या दिवशी मंगळवार, उद्यान बंद, आणि संध्याकाळी आमची परतीची गाडी. मी स्वतः त्या उन्हात गेटवर गेलो, चार जिप्सीवाल्यांशी बोललो. रिकामी जागा असेल तर वाटेल तो भाव देतो म्हणालो. हे वाक्य मी पूर्वी कधी उच्चारलेलं नाही. त्यांच्याकडे जागाच नव्हती. बायको झाडाखाली उभी होती, पायात बूट.

परत फिरताना समोर तो लॉज दिसला. दार उघडं होतं. आम्ही ठरवलं, एवढं आलोय तर भेटून जाऊ, आई गेलीय बिचाऱ्याची. मयताच्या घरी जातात तसे रिकाम्या हाताने, मान खाली घालून गेलो. ओसरीवर एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत होती. मला वाटलं, आत्या किंवा मावशी असेल, दिवसांसाठी राहिलेली. मी नाव सांगितल्याबरोबर मालक उठून उभा राहिला आणि दोघं एकदमच बोललो. मी म्हटलं, आईंचं कळलं, फार वाईट झालं. आणि तो माझ्या बायकोला हात जोडून म्हणत होता, "ताई, तुमच्या मातोश्रीचं ऐकून लई वाईट वाटलं जी."



"कोन गेली रे?" म्हातारीने सुपातून मान वर करून विचारलं.

मालकाने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "हे म्हनतात, तू."

मला हसू आलं असतं. पण बायकोचा चेहरा बघितला. तिला वाटलं, आपल्याला न सांगितलेली बातमी परक्याच्या तोंडून बाहेर पडलीय. तिने खडवलीला फोन लावला. रेंज नव्हती. ती रस्त्यावर आली, उन्हात, परत लावला. वाजत राहिला. आईला फोन उचलायला नेहमीच वेळ लागतो, तिचे गुडघे दुखतात, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी तेवढ्या वेळात बायको रस्त्याच्या कडेच्या दगडावर खाली बसली. मग फोन उचलला गेला. सासूबाईंनी काय झालं ते विचारलं नाही. नळाला पाणी नाही, तुझा भाऊ लक्ष देत नाही, याची तक्रार सुरू केली. बायको 'हो, हो' म्हणत ऐकत राहिली. एरवी ती मधे बोलते.

म्हातारीने तोवर चहा टाकलेला. तो आमच्या ठरलेल्या भावातलाच होता, असं मालक म्हणाला, आणि मग त्याने सगळं सांगितलं. आमच्याच घरून फोन आलेला. ताईची आई वारली, येणं रद्द. मालक ॲडव्हान्स परत करतो म्हणाला, तर पलीकडून उत्तर आलं की दुःखाच्या घरात पैशाचं कशाला बोलता. माझ्या पैशाबद्दल एवढं उदार मी स्वतः कधी बोललेलो नाही. मी फोन करू नये म्हणून साडूने इकडे त्याची आई मारली, आणि त्याने फोन करू नये म्हणून तिकडे आमची.

होमस्टेवर पोचलो तेव्हा साडू साहेबांना शिरा वाढत होता. मी त्याला हाक मारली. माझ्या हाकेतच त्याला कळलं असावं, कारण तो मला ओढत मागच्या बाजूला घेऊन गेला.

"दादा, हळू. साहेब आहेत."

मी हळू बोललो नाही. तो म्हणाला, अहो, तुम्हाला सरळ सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का? एकदा भाव ठरवला की तुम्ही ब्रह्मदेवाचं ऐकत नाही. आणि इथे येऊन साहेबांच्या मेव्हण्याशी भावाला बसला असता, माझी काय राहिली असती? मग त्याने मला माझा फायदा समजावून सांगितला. खोली फुकट, जेवण फुकट, वर पूजेचं पुण्य. "आणि मेल्याची बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणतात. आईंचं भलंच झालं की."

मी हात उचलला होता, हे मान्य करतो. बायको मागून आलेली मला दिसली नाही. तिने माझा हात धरला नाही, ती फक्त माझ्या आणि त्याच्या मधे उभी राहिली, आणि त्याला म्हणाली, "वाघ नाही दिसला, ते माझं नशीब म्हणेन. पण दोन आया मारल्यात तुम्ही. त्यातली एक दर आखाडाला तुमच्यासाठी वेगळं मटण करते."

तो 'सॉरी ताई' म्हणाला. लिफ्टमध्ये पायावर पाय पडला की म्हणतात, तसं.

मेहुणी रडली, पण तिला पूर्वीपासून माहीत होतं की नाही, ते तिने सांगितलं नाही. आम्ही ती रात्र लॉजवर काढली. भाव पहिलाच लागला. मी मोडायचा प्रयत्न केला नाही.

याला आता वर्ष होत आलं. त्या होमस्टेच्या पानावर आमचा पूजेचा फोटो आहे, खाली लिहिलंय, आमचे पहिले आनंदी पाहुणे. ठाण्याच्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर ती वाघीण लावलीय, काचेच्या फ्रेममध्ये, वर पिवळा दिवा. गेलं की त्याखालीच बसायला सांगतात. गेल्या महिन्यात साडूने ग्रुपवर लिहिलं की या वर्षी कान्हा करू, राहण्याचं माझ्याकडे लागलं. बायकोने वाचलं आणि मोबाईल गल्ल्यावर पालथा ठेवला. मी म्हटलं, आपण दोघंच जाऊ, मी जागा बघतो. ती म्हणाली, "राहू द्या. झालं बघून." तिने काही बघितलेलं नाही. ती आता परत मागणार नाही, हे मला तिच्या आवाजावरून कळतं. लोक मला म्हणतात, नातं आहे, सोडून द्या. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही, सांगू नका म्हणून बायकोनेच सांगितलंय.

म्हणून इथे लिहितोय, आणि ज्याला लिहितोय त्याला कळेल. साडूबुवा, मला तुमची खोली नको, जेवण नको, ॲडव्हान्स लॉजवाल्याने केव्हाच वळता केला. मला एका प्रश्नाचं उत्तर पाहिजे. माझ्या बायकोची ती सकाळ तुम्ही तुमच्या साहेबांच्या पायावर घातलीत, त्याच्या बदल्यात तुम्हाला काय मिळालं? बढती मिळाली असेल तर बढती म्हणा. पाठीवर थाप मिळाली असेल तर थाप म्हणा. काहीच मिळालं नसेल तर तेही तोंडाने म्हणा. फोनवर नको, ग्रुपवर नको आणि मला तर नकोच. डोंबिवलीला दुकानात या, ती गल्ल्यावर बसलेली असते. तिच्यासमोर उभे राहा आणि सांगा.